तेरावी रेघ

१

समर्थची दोन बोटं प्रेसखाली गेली, त्याला पन्नास मिनिटं झाली होती. गाडी त्याला घेऊन दवाखान्याकडे गेली होती. फरशीवर लाकडाचा भुसा टाकून झाला होता. उद्धवराव साहेबांनी प्रेसच्या आकड्याला लटकणारा पुठ्ठा काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

"मोजा," ते म्हणाले.

कुणी पुढं आलं नाही. मागं प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभ्या असलेल्या कोंडीरामानं मात्र सवयीनं मनातल्या मनात मोजलं. पुठ्ठ्यावर मार्करनं तेच ते चिनी अक्षर काढलेलं होतं, 正. दोन पुरी, तिसरं अर्धवट. पाच, पाच आणि तीन. तेरा.

"वीस पाहिजेत," साहेब म्हणाले. "वीस वेळा तपासल्याशिवाय प्रेस सोडायची नाही, हा नियम आहे. साक्षी, तू तेरावरच उठून गेलीस?"

"नाही साहेब. मी वीस केले. चार अक्षरं पुरी करून पुठ्ठा लावला."

"मग सात रेघा काय उंदरांनी खाल्ल्या?"

"हा पुठ्ठा माझा नाही, साहेब."

बाजूला उभा असलेला सुपरवायझर गणराज खाली बघत म्हणाला, "पोरी, आता तसं बोलून काय उपेग? तू झालं म्हणालीस, मी मशीन चालू केली. माझीबी चूक. मी मोजून न्हाई बघितलं."

चाकणजवळच्या त्या कंपनीत मोटारीच्या सीटखालच्या लोखंडी पट्ट्या बनत. तीन वर्षांपूर्वी चीनमधून आलेली ही प्रेस सगळ्यांत मोठी. तिच्या तोंडापुढं प्रकाशाचा एक पडदा होता. डोळ्यांना दिसायचा नाही, पण त्यात हात आला की प्रेस जागच्या जागी थांबायची. रोज सकाळी साक्षीनं त्या पडद्यात लाकडी दांडका घालायचा. प्रेस थांबली की एक रेघ. अशा वीस.

आणि आज नऊ चाळीसला समर्थचा हात आत असताना प्रेस थांबली नव्हती.

"चार वाजता रिपोर्ट जाणार," साहेब म्हणाले. "फॅक्टरी इन्स्पेक्टरला आणि पोलिसांना. तपासणी अर्धवट सोडली, असं त्यात लिहावं लागेल. कुणी सोडली, तेही."

कोंडीरामानं पेटी बंद केली. त्याच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. तोंड मिटून काढायचे आठ दिवस.

२

टूल स्टोअरच्या जाळीआड कोंडीराम बसला, की बाहेरच्यांना तो एखाद्या जुन्या अवजारासारखाच दिसे. परभणीकडून आला तेव्हा बावीसचा होता, आता साठीला टेकला. पान्हे, हातमोजे, वायर, मार्कर, जे काही लागेल ते त्याच्या हातून जायचं. मागची लोखंडी मांडणी गणराजनं स्वतः वेल्डिंग करून दिलेली. सुपरवायझर व्हायच्या आधी गणराजची खेडला फॅब्रिकेशनची टपरी होती. मांडणी करताना तो सारखा म्हणायचा, "काका, पाया पहिला. पाया बसला की वरचं आपोआप बसतं." मांडणी आजही हलत नव्हती.

साक्षी आली आणि जाळीला कपाळ टेकून उभी राहिली.

"काका, तुम्हाला तरी खरं वाटतं का?"

"मला काय वाटून उपयोग, बाई?"

"पोलिसात नाव गेलं तर कुठल्या कंपनीच्या गेटातून मला आत घेतील? चऱ्होलीत आईला काय सांगू? एका माणसाचा हात माझ्यामुळं गेला म्हणून?"

कोंडीरामानं तिला पाणी दिलं.

हे मोजायचं वेड दोघांना एकाच माणसानं लावलं होतं. प्रेस बसवायला आलेला लिन नावाचा चिनी मेकॅनिक चार महिने इथं होता. फोनमध्ये बोलायचा आणि फोन त्याचं हिंदी करून सांगायचा. चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी, ही आपली मोजायची रीत बघून तो हसला होता. मग त्यानं हे अक्षर काढून दाखवलं. आधी वरची आडवी रेघ. मग तिच्या मधून खाली उभी. मग उभीच्या उजवीकडं एक छोटी आडवी. मग डावीकडं एक छोटी उभी. शेवटी खाली लांब आडवी. पाच रेघा, एक अक्षर. त्याच्या गावात मतं मोजायची तरी असंच, नि बाजारात पोती मोजायची तरी असंच.

पण ते नुसतं मोजण्याचं अक्षर नव्हतं. प्रेसच्या पॅनेलवर हिरव्या दिव्याखाली तेच होतं, तिथं दुसऱ्या अक्षरासोबत बसून 'सगळं ठीक' म्हणायचं. चाक पुढं फिरवायच्या बटणावर तेच. बॅटरीच्या अधिक टोकाला तेच. सामानाच्या खोक्यावर 'ही पुढची बाजू' म्हणून तेच. सरळ बसलेल्या माणसाला तेच, खऱ्या माणसाला तेच, त्यांच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यालाही तेच. तेव्हा कोंडीराम म्हणाला होता, "बिचारं कंत्राटी कामगार दिसतंय. जिथं माणूस कमी, तिथं ह्यालाच उभं करायचं." फोननं हे काय करून सांगितलं कुणास ठाऊक, पण लिन पोट धरून हसला होता.

"पुठ्ठ्याचा फोटो नाही काढलास?" कोंडीरामानं विचारलं.

"फोन गेटवर जमा असतात ना, काका."

"कॅमेरा?"

"प्रेस खांबाच्या आड जाते, त्यात दिसत नाही."

कोंडीरामानं सुस्कारा सोडला आणि सकाळचा वाटपाचा कागद पुढं ओढला. सनी, मेंटेनन्स, स्क्रूड्रायव्हर आणि वायरचं एक वेटोळं. गणराज, साडेआठ वाजता, पिवळी वायर एक फूट, पार्किंगच्या दिव्यासाठी. वर्षाली मॅडम, सेफ्टी, काळा मार्कर एक. खाली हातमोज्यांच्या जोड्या त्यानं स्वतः त्या चिनी अक्षरात मोजल्या होत्या. आजच्या जोड्या आठ झाल्या होत्या. एक पुरं अक्षर, आणि पुढं तीन रेघा.

तो त्या तीन रेघांकडं बघत राहिला. वरची आडवी, मधली उभी, उजवीकडची छोटी आडवी.

पुठ्ठ्यावरचं अर्धं अक्षर असं नव्हतं.

३

"साक्षी, हा खडू घे. ह्या फळीवर तेरा मोज."

तिनं डोळे पुसत काढलं. तिसऱ्या अक्षरात वरची, मधली, उजवीकडची. विचार न करता.

"पुठ्ठ्यावर कसं होतं, आठवतं?"

"मी कुठं नीट बघितलं, काका. साहेब ओरडत होते."

कोंडीरामानं बघितलं होतं. खाली लांब आडवी, मधे खांब, वर आडवी. कापलेल्या लोखंडी गर्डरचं तोंड दिसावं तसं. रेघा तीनच, पण भलत्या तीन.

त्याला सगळं नको होतं. घरी निगडीच्या ओटा स्कीममधल्या खोलीत जाऊन पाय वर करून पडावं, इतकीच इच्छा होती. पण तो उठला आणि वर्षाली मॅडमच्या केबिनकडं गेला. सेफ्टीचं काम त्यांचं.

"काका, प्लीज, आता नको," वर्षाली म्हणाली. डोळे लाल झालेले. "सकाळी साडेसातला पुठ्ठा बघून माझी सही व्हायला हवी होती. हिंजवडीच्या पुलाखाली कॅब दीड तास अडकली. आले तेव्हा नऊ वाजले होते. मला वाटलं, आता काय बघायचं, प्रेस तर चालू आहे."

"मग मार्कर कशाला नेला, मॅडम?"

ती चमकली. "फलकावर उद्याच्या ऑडिटची सूचना लिहायला. बघा, तिथंच लिहिलीय." फलकावर खरंच लिहिलेलं होतं. "का? काय झालं?"

"काही नाही. अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"समर्थबरोबर गाडीपर्यंत गेले. मग परत प्रेसजवळ आले. एकटीच. रिपोर्टसाठी, कंपनीच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला." आपण काय बोललो हे तिचं तिलाच कळलं. "काका, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी म्हातारा माणूस, मॅडम. मी कुणावर काय घेणार?"

तपासणी साक्षीनंच अर्धवट सोडली असं ठरलं, तर नऊ वाजता आलेल्या मॅडमना कुणी काही विचारणार नव्हतं. हे मात्र त्याच्या मनानं नोंदवून ठेवलं.

सनी प्रेसच्या मागं उकिडवा बसला होता. पुढं पॅनेलचा दरवाजा उघडा.

"भावा, कसा आहे समर्थ?"

"शुद्धीत आहे, काका. गाडीत चढवताना सारखं एकच म्हणत होता. 'सनीभाऊ, मला डुलकी लागली असणार. माझीच चूक.' रात्री घरी बाळ रडत होतं म्हणे." सनीनं पॅनेलकडं बोट केलं. "डुलकी लागली तरी प्रेस थांबायला पाहिजे होती. त्यासाठीच तर तो पडदा."

"पडदा बिघडला होता का?"

"मी रविवारीच नवा बसवलाय. आत्ता दांडका घालून बघितला, पंधरा वेळा. एकदम मस्त थांबते." मग तो आवाज खाली आणत म्हणाला, "काका, एक सांगू? कुणाला सांगू नका. ह्या दोन स्क्रूंवर ताजे ओरखडे आहेत. ह्या दोन टोकांना वायर जोडली की पडदा आंधळा होतो, आणि हिरवा दिवा 'सगळं ठीक' म्हणत राहतो. कुणीतरी जोडली होती. आणि मग काढली."

"साहेबांना सांग की."

"काय सांगू? पॅनेल उघडणारा मी, पडदा बसवणारा मी, सकाळी वायरचं वेटोळं नेणारा मी. सगळे म्हणतील सनीनंच केलं."

कोंडीरामाला वाटपाचा कागद आठवला. सनीनं वेटोळं नेलं होतं. पण फूटभर वायर कोंडीरामानं आज स्वतःच्या हातानं आणखी एकाला कापून दिली होती.

४

गणराज पार्किंगमध्ये सापडला. शिडीवर चढून दिव्याची काच पुसत होता.

"लागला का दिवा?" कोंडीरामानं खालून विचारलं.

"लागला की. तुमच्याच वायरीनं." गणराज खाली उतरला. दमलेला दिसत होता, खरोखर दमलेला. "काका, तुमी कशाला डोकं शिणवताय? मला ठावं हाय, पोरगी चांगली हाय. पर चूक झाली. व्हती माणसाच्या हातून."

"अपघातानंतर प्रेसजवळ कोण होतं?"

"मीच मेन बंद केला. मग सनी आला. मॅडमबी फोटो काढत व्हत्या. सगळेच व्हते." त्यानं कोंडीरामाच्या खांद्यावर हात ठेवला. "आठ दिस राह्यले तुमचे. हार-नारळ घ्या नि सुखानं जा."

दिव्याला जोडलेली वायर पिवळी होती. कोंडीराम मान वर करून तिच्याकडं बघत राहिला. म्हणजे वायरीनं काहीच सिद्ध होत नव्हतं. जी काढली ती इथं आणून जोडली असेल, किंवा मुळात इथंच जोडली असेल.

सव्वादोन वाजले. कोंडीराम स्टोअरमध्ये येऊन बसला. सनीकडं वायर होती, मॅडमकडं मार्कर होता, गणराजकडं केबिनमध्ये दोन्ही असणार. तिघंही प्रेसजवळ एकटे होते. तिघांनाही साक्षीच्या नावाची गरज होती.

मग त्याला कस्तुराबाई आठवल्या. त्रेचाळिसाव्या वर्षी तो विहारातल्या साक्षरता वर्गात बसला, तेव्हा त्यांनी त्याचं बोट धरून 'क' काढून घेतला होता. बोट जिथं पहिल्यांदा टेकवलं, तिथूनच आजही त्याचा 'क' सुरू होतो. पुरं झालेलं अक्षर खोटं बोलू शकतं. अर्धं अक्षर हाताची वाट सांगतं.

तो उठला आणि साहेबांच्या केबिनचं दार वाजवलं.

"साहेब, प्रेसच्या साच्यांची चार खोकी उद्या परत पाठवायचीत. लिनच्या रीतीनं पुढच्या बाजूला खूण करायची राहिलीय. सनी, गणराज, मॅडम, तिघांना दहा मिनिटं अंगणात बोलवा. तुम्हीपण या. पुठ्ठा घेऊन या."

"कोंडीराम, आज? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"साहेब, अडतीस वर्षांत मी तुमच्याकडं काही मागितलं नाही."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि पुठ्ठा उचलला.

५

चार लाकडी खोकी ओळीनं. कोंडीरामानं साक्षीलाही बोलावलं होतं. एका खोक्यावर आधीच ते अक्षर होतं, लिनच्या हातचं. कोंडीरामानं तिघांना खडू दिले आणि म्हणाला, "त्याच्याकडं बघून काढायचं. मी थांब म्हणलं की थांबायचं. आधी सनी."

सनीनं खोक्याकडं बघितलंही नाही. लिनच्या हाताखाली त्यानं चार महिने काढले होते. वरची, मधली, उजवीकडची.

"थांब. आता मॅडम."

वर्षालीनं मान वाकडी करून नमुना बघितला. आपल्या अक्षरांना आधी वरची रेघ द्यावी तशी तिनं वरची रेघ ओढली. मग मधली उभी. मग डावीकडची छोटी उभी.

"थांबा, मॅडम. गणराजभाऊ, तुम्ही."

"ही काय शाळा मांडलीय, काका," गणराज हसला. त्यानं नमुन्याकडं एकदा बघितलं, खोक्यासमोर वाकला आणि खाली लांब आडवी रेघ ओढली. तिच्या मधोमध खांब उभा केला. खांबावर वरची आडवी ठेवली.

"थांब."

साहेबांनी हातातला पुठ्ठा वर केला आणि खोक्याशेजारी धरला. गर्डरचं तोंड. इथं खडूनं, तिथं मार्करनं.

"ह्यात काय?" गणराज म्हणाला. "घाईत साक्षीनंबी असंच काढलं असंल."

"साक्षी, मोज तेरा," कोंडीराम म्हणाला. साक्षीनं मोजले. वरची, मधली, उजवीकडची. "ही पोरगी तीन वर्षं रोज सकाळी वीस मोजते, गणराज. तिचा हात झोपेतसुद्धा खालून सुरू होणार नाही. पण हे तुला कळायला मार्ग नव्हता. आकड्याला रोज चार पुरी अक्षरं लटकलेली. अर्धं अक्षर तू कधी बघितलंच नाहीस. दोन पुरी तू कालच्या पुठ्ठ्यावरून बघून काढलीस, बरोबर काढलीस. अर्धं मात्र मनानं काढावं लागलं. मग तू टपरीवर जसं काम करतोस तसं केलंस. पाया पहिला."

"आणि तेराच का?" साहेबांनी विचारलं. "खरा पुठ्ठा वीसचा होता तर तो काढायचाच कशाला?"

"साहेब, वीस राहिले असते, तर तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता? सकाळी सातला वीस वेळा थांबलेली प्रेस नऊ चाळीसला का थांबली नाही? मधे कुणी हात लावला? सनीला विचारा. त्या दोन स्क्रूंवर ओरखडे आहेत."

सनीनं एकदा कोंडीरामाकडं बघितलं आणि मान हलवली. "आहेत, साहेब. पडदा बायपास केला होता."

गणराजनं खोक्यावरच्या स्वतःच्या तीन रेघांकडं बघितलं. मग त्यानं खडू खिशात घातला, जणू तो त्याचाच होता.

"तेलाच्या धुरानं पडदा सारखा मशीन थांबवत व्हता," तो म्हणाला. "आठपास्नं पंचवीस येळा. बारा वाजता ट्रक लागणार व्हता. म्हणलं, तीन तासांचंच काम हाय. समर्थ जुना माणूस, हात सांभाळंल." तो कोंडीरामाकडं वळला. "मी त्याला बारशाला चांदीचा वाळा दिला व्हता, काका. त्याच्या पोराला."

साक्षी खाली बसली, तिथंच, खोक्याला टेकून. तिला रडू येत होतं का हसू, ते तिचं तिलाही कळत नसावं.

६

साडेतीन वाजता साहेबांच्या केबिनमध्ये रिपोर्ट नव्यानं टाइप झाला. त्यात साक्षीचं नाव एकदाच होतं, 'सकाळी सात वाजता वीस चाचण्या पूर्ण केल्या' या ओळीत. साहेबांनी तो कोंडीरामाला वाचायला दिला. कोंडीरामानं बोट ठेवून, ओळीओळीनं, सावकाश वाचला.

"एक राहिलंय, साहेब."

"काय?"

"वायर कुठून आली, ते."

"त्याची काय गरज? गणराजनं कबूल केलंय."

"साडेआठला त्यानं फूटभर वायर मागितली. मी 'कशाला' विचारलं, तो 'पार्किंगचा दिवा' म्हणाला. सकाळी साडेआठला, एवढं ऊन असताना, कुणाला पार्किंगचा दिवा आठवतो, साहेब? मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. खरं सांगायचं तर थोडं कळलंही होतं. मी म्हणलं, जाऊ दे. आठ दिवस राहिलेत."

"कोंडीराम, तुझं नाव इन्स्पेक्टरकडं जाईल. चौकशी लागेल. निवृत्ती अडकेल."

"अडकू दे. पोरीचं नाव जात होतं तेव्हा चालत होतं, मग माझं का नाही?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग एक ओळ वाढवली आणि कागद पुन्हा पुढं केला. बाहेर पाळी बदलत होती, गेटवर जमा केलेले फोन परत घेण्यासाठी रांग लागली होती. दारात साक्षी उभी होती. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"साक्षी," कोंडीराम मान वर न करता म्हणाला, "फोन मिळाला की पहिला समर्थला लाव. त्याला सांग, डुलकीमुळं नाही झालं. दुसरं काही नंतर सांग. हे आधी."

"हो, काका."

ती धावत गेली. कोंडीरामानं पेन घेतलं. सही करायला त्याला नेहमीच वेळ लागायचा. कस्तुराबाईंनी बोट टेकवलं होतं त्या जागेवर त्यानं पेन टेकवलं आणि 'क' काढायला सुरुवात केली. चार वाजायला दहा मिनिटं होती. साहेब थांबले.